पुलाच्या अलीकडे पुरी-भाजी

ओकुबहाल, पाटण, नेपाळ
चैत ३, संवत २०४६

प्रिय तता,

धाकट्या भावाचा थोरल्या बहिणीला नमस्कार. काल जोशीबुवा येऊन गेले. त्यांनी माझी जन्मपत्रिका जमिनीवर उलगडली, ती थेट दारापर्यंत गेली आणि नेमकी तिच्यावर आपल्या नातीची, पवित्राची मांजर येऊन बसली. मांजर उठेपर्यंत थांबलो, मग त्यांनी मोजायला घेतलं. येत्या जेठ बाराला सकाळी सव्वानऊच्या सुमाराला मला सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस, सात घटका आणि सात पळं पुरी होतात. म्हणजे माझा जंको! मुलं मला रथात बसवून आळीभर ओढणार आणि त्या घटकेपासून मी माणूस उरणार नाही, देव होणार. तेव्हा तुला माझ्याशी काय भांडायचं असेल ते जेठ अकरापर्यंत भांडून घे.

चेष्टा राहू दे. रथात चढण्याआधी हातावर सगन ठेवतात, उकडलेलं अंडं आणि घरच्या अय्ला दारूचा प्याला, ते आपल्या घरात नेहमी थोरल्या बाईने ठेवायचं. तुझी भावजय आशामाया जाऊन सहा वर्षं झाली. माझ्याहून थोरलं माणूस आता तू एकटीच उरलीस. जोशीबुवा म्हणतात, सुनेच्या हातून घेतलं तरी चालतं. जोशीबुवांना चालेल, मला चालणार नाही. आणि ही घटका काही लग्नाच्या मुहूर्तासारखी पुढे ढकलता येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

रेडिओवर काहीबाही सांगत असतील, तिकडे कानाडोळा कर. चार पोरं संध्याकाळी ‘पक्षांवरची बंदी उठवा’ अशा घोषणा देतात आणि भूक लागली की घरी जातात. रॉकेल मिळत नाही एवढाच काय तो त्रास, पण भट्टी कोळशावर चालते, त्यामुळे माझं मूर्ती ओतणं चालू आहे. बस थेट सरहद्दीवरच्या मेचीच्या पुलापर्यंत येते. तू पूल ओलांडलास की पुढचं सगळं माझ्याकडे.

तुझा
बेखारत्न


कालिम्पोंग
२८ मार्च १९९०

प्रिय बेखा,

तू चैतातली तारीख घालतोस आणि मग मला कॅलेंडर घेऊन बसावं लागतं. पत्र पोचलं. देव होणार म्हणे! लहानपणी मेणाचा गोळा चोरून खाल्लास आणि आठवडाभर पोट धरून बसलास, तोच ना हा देव?

रेडिओ मी रोज ऐकते. चार पोरं घोषणा देतात, असं त्यात नव्हतं. त्यात गोळीबार होता. माझा मुलगा कुल सध्या रेडिओ स्वतःच्या खोलीत घेऊन बसतो, म्हणजे म्हातारीला काळजी नको. म्हातारी दाराशी उभी राहून ऐकते.

आता मी एक आठवण काढते, रागावू नकोस. १९८८च्या फेब्रुवारीत माझ्या जंकोची घटका आली होती. आमच्या डोंगरात वेगळ्या राज्यासाठी चाळीस दिवसांचा बंद होता, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. रथ कुठला आणि मिरवणूक कुठली! लोकरीच्या गाठी वाहायच्या हातगाडीवर कुलने वेताची खुर्ची बांधली आणि मला बसवून गोदामात सात फेऱ्या मारल्या. नातवंडं दबक्या आवाजात शंख वाजवत होती. मी सातही फेऱ्या गोदामाच्या दाराकडे बघत होते. तू येणार होतास. नंतर तुझं पत्र आलं की, मेचीच्या पुलापर्यंत आलो होतो, शिपायांनी परत पाठवलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. फार सुंदर अक्षर आहे त्यात. तू घडवलेली वसुधारा देवीची मूर्ती मात्र महिन्याभराने पोचली, मोतीलाल लोकरवाल्याच्या पिशवीतून.

आता तू म्हणतोस, गडबड असली तरी ये. कुल म्हणतो, अजिबात जायचं नाही. माझी प्रवासाची पिशवी त्याने कपाटावर ठेवून दिली आहे, माझा हात पोचणार नाही अशी. मी काही ठरवलेलं नाही. आधी मला खरं कळव, तिकडे काय चाललंय. खरं म्हणजे खरं.

तुझी
ज्ञानहेरा


ओकुबहाल, पाटण
चैत २२, संवत २०४६

प्रिय तता,

तुझ्या पत्राने आनंद झाला. इथे सर्व काही शांत आहे. हवा छान पडली आहे. आळीत नवीन पाण्याचे पाइप घालण्याचे काम निघाल्यामुळे रस्ता थोडासा खणलेला आहे, एवढेच. सर्व शेजारी मिळून कामाला हातभार लावत आहेत. मीही थोडी मदत केली, व्यायाम होतो. सुना-लेकी संध्याकाळी थाळ्या वाजवतात, ती जंकोच्या मिरवणुकीची तालीम आहे. रथाची चाके तयार झाली. तू निर्धास्त मनाने निघ.

तुझा
बेखारत्न

आजी, मी पवित्रा. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलंय म्हणून मागच्या बाजूला लिहिते. पाइपबिइप काही नाही! पोलिसांची गाडी आत येऊ नये म्हणून पाटणला येणारे सगळे रस्ते लोकांनी खणलेत. आमच्या आळीच्या तोंडाशी माणूसभर खोल खंदक आहे आणि तो खणायला पहिली कुदळ आजोबांनी मारली. तळहाताला फोड आलेत. मूस उचलायची ती लांब सांडस घेऊन ते रोज खंदकावर उभे राहतात. सगळे त्यांना कमांडरसाहेब म्हणतात. आई पदरात मिरचीची पूड बांधून फिरते. देवळाची घंटा वाजली की सगळ्यांनी धावायचं. फार मज्जा येते. तुम्ही या. आणि हे मी लिहिलं म्हणून सांगू नका.


कालिम्पोंग
१६ एप्रिल १९९०

कमांडरसाहेब,

पाण्याचा पाइप!

बेखा, अरे, पाटणकरांनी शहर अडवलं हे परदेशी रेडिओने सगळ्या जगाला सांगितलं. आमच्या बाजारात त्याच गप्पा. मी चहाच्या दुकानापासून मठापर्यंत सांगत फिरले की, त्यात माझा धाकटा भाऊ आहे. घरी आले आणि तुझं पत्र वाचलं. हसून हसून माझा ठसका थांबेना, सुनेने पाठीवर थापट्या मारल्या. पवित्राला काही बोललास तर याद राख. आपल्या घरात खरं लिहिणारं तेवढंच एक माणूस आहे.

हसून झालं. आता ऐक. मी येत नाही.

राग खंदकाचा नाही. तुझ्या वयात कुदळ मारलीस, माझी छाती फुगली. राग अक्षराचा आहे. लहानपणापासून तुझं एक आहे, खरं लिहितोस तेव्हा कोंबडी चालल्यासारखं लिहितोस आणि थाप मारायची असली की एकेक ओळ मोत्यासारखी. हे पाइपवालं पत्र फ्रेम करून लावण्यासारखं आहे. जो खंदकाला पाइप म्हणतो त्याच्या ‘निर्धास्त मनाने निघ’वर मी ऐंशीव्या वर्षी कशी विसंबू? सोळा तासांची बस आहे. वाटेत अडकले तर कुल मला शोधायला कुठे जाणार?

सुनेच्या हातून सगन घे. ती चांगली मुलगी आहे. मी इथे त्या घटकेला दिवा लावीन.

ज्ञानहेरा


ओकुबहाल, पाटण
बैसाख १२, संवत २०४७

तता,

अक्षर लागत नसेल तर सुनेकडून वाचून घे. नको, तूच वाच.

आधी बातमी. पक्षांवरची बंदी उठली! चैत सत्तावीसला सकाळी सगळी आळी रस्त्यावर होती. गुलाल कमी पडला तेव्हा बायकांनी स्वयंपाकघरातून शेंदूर आणला. मी नाचलो. जोशीबुवाही नाचले, पंचांग काखेत धरून. पण शेजारच्या आळीतला एक मुलगा गोळी लागून गेला आहे, एकवीस वर्षांचा, माझ्याकडे मेणकाम शिकायला येऊन गेलेला. नाचून झाल्यावर त्याच्या घरी जाऊन बसलो. त्याच्या आईने चहा केला. अजूनही मधूनच कर्फ्यू लागतो, कधी लागेल आणि कधी उठेल ते सांगता येत नाही. हे सगळं खरं आहे.

आता दुसरं खरं. दोन वर्षं ते माझ्या छातीवर बसलं आहे.

तुझ्या जंकोच्या वेळी मला शिपायांनी परत पाठवलं नाही. कुणीच अडवलं नाही. सकाळी काँकडभिट्ट्याला उतरलो, मूर्ती फडक्यात बांधलेली होती. पुलाच्या तोंडाशी गेलो. पलीकडून येणारे लोक सांगत होते, डोंगरात गाड्या जाळतात, माणसं गायब होतात. मी पलीकडे बघत उभा राहिलो आणि माझे पाय उचलेनात. पुलाच्या अलीकडे एक पुरी-भाजीचं दुकान आहे, तिथे जाऊन बसलो. म्हटलं, खाऊन जाऊ. खाल्लं, आणि संध्याकाळच्या बसने घरी आलो. मूर्ती मोतीलालकडे दिली. तो सिलीगुडीकडे निघाला होता, त्याला भीती वाटली नाही. देवी पुलावरून गेली आणि मी गेलो नाही. तू सातही फेऱ्या दाराकडे बघत होतीस, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

म्हणून आता मीच सांगतो, येऊ नकोस. तुला बोलवायचा हक्क मला नाही.

येऊनही फार काही बघायला मिळणार नाही. आळीच्या सभेत ठरलं की, नवी राज्यघटना हातात पडेपर्यंत खंदक बुजवायचा नाही. ठरावाला पहिला हात मीच वर केला होता. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर पवित्राने विचारलं, आजोबा, रथ कुठून जाणार? रथाला चाकं आहेत, पंख नाहीत. खंदक माझा, रथही माझा. दारापासून खंदकापर्यंत अकरा पावलं भरतात. अकरा पावलं जाऊन मी देव होणार आणि उलटा फिरणार.

बेखा


कालिम्पोंग
७ मे १९९०

बेखा,

मला माहीत होतं.

मोतीलालने मूर्ती हातात ठेवली तेव्हाच सांगितलं, ‘माँजी, तुमचे भाऊ पुलाजवळ बसले होते. पुरी-भाजी खात होते. दोन प्लेट खाल्ल्या.’ तू एक लिहिली असतीस तर मी दुसरी विचारणार होते, पण तू आकडाच गाळलास. घाबरलेला माणूस दोन प्लेट खातो कसा, याचं मला दोन वर्षं नवल वाटतंय.

राग आला होता, नाही कशाला म्हणू? देवघरात मूर्तीकडे पाठ करून बसले होते मी. मग तिच्या पायाशी बघितलं. कमळाची पाकळी नि पाकळी तू तासली होतीस. डोळे अधू झालेल्या माणसाला चार महिने तरी लागले असतील. आणि सोळा तास बसमध्ये बसून तू पुलापर्यंत आलासच की. त्या दिवसांत आमच्या खालच्या गल्लीतला व्याहीसुद्धा वर आला नव्हता. एवढं मनाशी म्हटलं आणि देवीकडे तोंड करून बसले. तुला कळवलं नाही, कारण तू स्वतः सांगावंस असं मला वाटत होतं. सांगितलंस. कोंबडीच्या अक्षरात सांगितलंस. छातीवरचं उतरव आता आणि जेव.

आता माझं ऐक. मीही काही लपवलं आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून मी रोज सकाळी दुर्पिन टेकडीचा चढ चढते आहे. घरात सांगते मठात जाते. आधी तीनदा बसावं लागायचं, आता एकदाच बसते. ‘येत नाही’ असं लिहिलं, त्या दिवशीही चढले होते.

कुलला काल सगळं सांगितलं. त्याने स्टुलावर चढून पिशवी काढून दिली. म्हणाला, ‘पुलापर्यंत मी येतो. पुढचं तिथे ठरवू.’ मलाही तेच बरं वाटतं. मी पुलावर जाऊन उभी राहीन. पाय उचलले तर येईन. नाही उचलले तर पुरी खाऊन परत जाईन आणि त्यावर तू मला जन्मात एक अक्षर बोलायचं नाहीस. कबूल?

खंदकाचं तुझं तू बघ. कमांडर आहेस ना?

तता


काँकडभिट्टा
२२ मे १९९०

बेखा,

हा कागद मिठाईच्या पुड्याचा आहे, तेलकट डागांकडे लक्ष देऊ नकोस.

सकाळी पुलाच्या आमच्या बाजूला उतरलो. लोक नाना सांगत होते. एक म्हणाला काठमांडूत कालच कर्फ्यू लागला, दुसरा म्हणाला उठला, तिसरा म्हणाला लागलाच नव्हता. कुल प्रत्येकाला विचारत होता आणि प्रत्येक उत्तराला त्याचा चेहरा बदलत होता. मी म्हटलं, अरे, ठरवायचं तर ठरवू, पण बेखाचं ते दुकान कुठे आहे ते आधी बघू. उपाशीपोटी मला काही सुचत नाही.

मग दुकान शोधत चाललो. कुल पुढे, मी मागे, त्याने माझी पिशवी घेतलेली, मी त्याच्या छत्रीचं टोक धरलेलं. नदीला पाणी नव्हतं, वाळूच वाळू. एक शिपाई होता, त्याने मला नमस्कार केला. दुकान सापडलं. बसलो. पहिली पुरी तोंडात घातली आणि कुल म्हणाला, ‘आई, आपण पूल ओलांडला.’

खरंच की रे! तू ‘अलीकडे’ लिहिलं होतंस, ते तुझं अलीकडे. मी ऐंशी वर्षांची बाई, दोन महिने झोप घालवली या पुलाच्या विचारात, आणि ओलांडताना माझं लक्ष पुरीकडे होतं. कुल हसतोय, दुकानदार हसतोय, त्याला आम्ही का हसतोय ते माहीत नाही.

पुरी चांगली आहे. दोन प्लेट का खाल्ल्यास ते कळलं.

बस चार वाजता सुटते. कुलही येतोय. हे पत्र माझ्यामागून पोचेल, पण पेटीत टाकतेच.

तता


ओकुबहाल, पाटण
असार ६, संवत २०४७

प्रिय तता,

तुझं तेलकट पत्र परवा आलं, तू परत गेल्यावर दहा दिवसांनी. सगळ्या आळीला वाचून दाखवलं. दोन प्लेटींचं मात्र गाळलं.

पवित्रा म्हणते, तू रथात डोळे गच्च मिटून बसली होतीस, त्यामुळे त्या वेळी काय काय झालं ते तुला लिहून पाठवलं पाहिजे. म्हणून लिहितो. अक्षर बघ आणि मग विश्वास ठेव.

तू आलीस त्या दिवशी खंदकाच्या काठावर उभी राहून सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘बेखा, पाइप बराच खोल घातलाय रे!’ ते आळीतली पोरं अजून म्हणतात. मग तू त्यांना विचारलंस, ‘ठराव बुजवायचा नाही असा आहे ना? वरून जायचं नाही असा तर नाही?’ आणि तू आत चहा प्यायला गेलीस. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जेठ बाराच्या सकाळी मी उठून बघतो तर आळीतल्या घरांना दारं नाहीत! सगळ्यांनी बिजागऱ्यांवरून आपापली दारं उतरवून खंदकावर आडवी टाकली होती. जोशीबुवांचंसुद्धा होतं, नक्षीवाली बाजू वर. म्हणाले, ‘देव जाणार, नक्षी दिसायला हवी.’

तू माझ्या हातावर अंडं ठेवलंस, प्याला ठेवलास, तोपर्यंत तुझे डोळे उघडे होते. रथ दारांवरून पलीकडे जाऊन परत आला तेही तू पाहिलंस. सव्वानऊ झाले, शंख वाजला, मी देव झालो. खरं सांगतो, काही वेगळं वाटलं नाही. पाठ तशीच दुखत होती. समोर तू उभी होतीस, पदराने तोंड पुसत, आणि मला तुमचं ते लोकरीचं गोदाम दिसायला लागलं. वेताची खुर्ची दिसली. दार दिसलं.

म्हणून उतरलो. जोशीबुवा धावत आले, ‘असं नसतं, देव मध्येच उतरत नाही!’ मी म्हटलं, देव कोण आहे, तुम्ही की मी? तुला बसवलं. तू ओरडलीस, ‘बेखा, सोड ती दोरी, कंबर मोडून घेशील,’ आणि डोळे मिटलेस. इथून पुढचं तुला ठाऊक नाही.

दारांपर्यंत मी ओढत आलो आणि थांबलो. तुला वाटलं असेल दम लागला. दम लागला होताच. पण पाय तसेच झाले होते, पुलाच्या तोंडाशी झाले होते तसे. दोन दारांच्या फटीतून खालचा अंधार दिसत होता. मुलं म्हणाली, बाबा, द्या आमच्याकडे. मी नाही म्हटलं. तता, मी मागे वळून बघितलं. तू ऐंशी वर्षांची, डोळे मिटून, दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होतीस आणि तोंडाने हसत होतीस. माझ्यावर एवढा भरवसा कुणी ठेवू नये. मी पहिलं पाऊल टाकलं. दार करकरलं. दुसरं टाकलं. मग दोरी हलकी झाली. बघतो तर खंदकावरची सगळी पोरं, सून मिरचीच्या पदरासकट, कुल, आणि सगळ्यात शेवटी जोशीबुवा, पंचांग दातात धरून! त्या शेजारच्या आळीतल्या मुलाची आईही दोरीला होती. ती केव्हा आली मला माहीत नाही.

पलीकडे पोचलो तेव्हा मी रडत होतो. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, ‘झालं? एवढ्यातच?’ म्हणून परत अलीकडे आणावं लागलं.

दारं अजून खंदकावरच आहेत. आळीत सगळी घरं उघडी, मांजरांची चंगळ आहे.

तुझा
बेखा


कालिम्पोंग
४ जुलै १९९०

बेखा,

अक्षर बघितलं. विश्वास ठेवला.

डोळे गच्च मिटले होते असं पवित्राला वाटलं, तर वाटू दे. मी पापणीच्या फटीतून तुझी पाठ बघत होते. सदरा घामाने भिजला होता आणि मानेवरचा तो तीळ, आईला आवडायचा तो, तसाच आहे.

आता कॅलेंडर तू काढ. संवत २०५०च्या मंसिर अकराला मला त्र्याऐंशी वर्षं, चार महिने, चार दिवस होतात. आमचे इथले जोशी म्हणतात, त्या दिवशी माझ्या हजार पौर्णिमा बघून होतात. दुसरा रथ. या वेळी गोदामात बसायचा माझा विचार नाही. तीन वर्षं आधी सांगते आहे, म्हणजे तुला पळवाट नको.

मागे लिहिलं होतं ना, पुरी खाऊन परत गेले तर मला बोलायचं नाहीस? ती सवलत फक्त माझ्यासाठी होती.

तता


काँकडभिट्टा
मंसिर ८, संवत २०५०

तता,

हे पत्र माझ्यामागून पोचणार, तुझंही तसंच पोचलं होतं. तरी पेटीत टाकतो. आपल्या घराची रीत झाली आता.

सकाळी उतरलो. पवित्राला बरोबर आणलं आहे, तिच्या हाती मूर्तीची पेटी आहे. या वेळी देवीला एकटीला पाठवत नाही. इथे सगळे सांगताहेत की परवापासून तुमच्या डोंगरात पुन्हा बंद होणार. कुणी म्हणतो उद्यापासून, कुणी म्हणतो आवई आहे. पवित्रा माझ्या तोंडाकडे बघते आहे. पाय जड झालेत, खोटं कशाला सांगू?

त्याच दुकानात बसून लिहितो आहे. दुकानदाराने मला ओळखलं. विचारतो, ‘काय बाजे, दोन प्लेट ना?’

मी म्हटलं, दोनच. पण बांधून दे, पलीकडे न्यायच्या आहेत.

बेखा